पाण्याच्या पाइपलाइनमध्ये सेन्सर नेमका कुठे बसवतात?

शहराखाली जलवाहिन्यांचं शेकडो किलोमीटरचं जाळं असतं. प्रत्येक जोडावर दूषित पाणी ओळखणारा सेन्सर लावणं कोणत्याही महापालिकेला परवडत नाही. समजा पाचच सेन्सर आहेत, तर ते लावायचे कुठे?

पहिलं उत्तर सुचतं ते जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी. पण घाण पुढे कुठे गळक्या सांध्यातून शिरली, तर तो सेन्सर गप्पच राहणार. मग वाहिनीच्या शेवटच्या टोकाला? तिथे वरचं बरंच काही वाहत येतं, त्यामुळे दूषण सापडण्याची शक्यता वाढते. पण तोवर मधल्या वस्त्यांनी ते पाणी पिऊन टाकलेलं असतं.

हीच ओढाताण २००६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत झालेल्या 'बॅटल ऑफ द वॉटर सेन्सर नेटवर्क्स' या संशोधकांच्या स्पर्धेत दिसली. एक जाळं १२९ जोडांचं, दुसरं सुमारे साडेबारा हजारांचं. सेन्सर मात्र आधी फक्त ५, मग २०. निकष चार होते : दूषण किती लवकर कळलं, किती लोक बाधित झाले, किती दूषित पाणी वापरलं गेलं आणि मुळात ते सापडण्याची शक्यता किती. एका निकषावर सरस ठरलेली मांडणी दुसऱ्यावर मागे पडली. त्यामुळे एकच विजेता ठरवता आला नाही.

जागा निवडण्याची एक पद्धत तशी सरळ आहे. 'ईपानेट'सारख्या मोफत सॉफ्टवेअरवर दूषणाच्या हजारो काल्पनिक घटना चालवून बघायच्या. सर्वात जास्त नुकसान टाळणारी जागा पहिली, मग तिच्यात सर्वाधिक भर घालणारी दुसरी, असं पुढे जायचं. अशा निवडीने टळणारं नुकसान सर्वोत्तम मांडणीच्या किमान ६३ टक्के असतं, ही गणिती हमी आहे. गंमत म्हणजे, कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये हेच गणित बातमी लवकर कळण्यासाठी कोणते ब्लॉग वाचावेत, हे ठरवायलाही वापरलं.

सेन्सर बहुतेकदा थेट विष ओळखत नाही. तो क्लोरीन, गढूळपणा, सामू यांतला अचानक बदल टिपतो.

भारतात अडचण वेगळीच आहे. वरची गणितं चोवीस तास दाबाने भरलेल्या वाहिन्या गृहीत धरतात. आपल्याकडे पाणी काही तासच येतं. ते गेल्यावर रिकाम्या पाइपमध्ये गटाराशेजारच्या भेगांतून घाण झिरपते आणि पाणी सुटताच पहिल्या लोंढ्याबरोबर घरात येते. त्यामुळे इथे सेन्सर लावताना नकाशाबरोबर पाणी सोडण्याचं वेळापत्रक आणि जवळची गटारंही बघावी लागतात.