उटणे, कुंकू आणि स्नो : मराठी प्रसाधनशब्दांचा इतिहास

मराठी शब्दसंपत्तीच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः राज्यकारभार, धर्म आणि साहित्य या क्षेत्रांतील शब्दांकडे गेलेले दिसते. नित्याच्या स्नानाचे, केसांचे, डोळ्यांचे व कपाळाचे जे पदार्थ घरोघर शतकानुशतके वापरले गेले, त्यांच्या नावांकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. याचे एक कारण उघड आहे. हे पदार्थ बहुधा स्त्रियांच्या हातचे. त्यांची कृती सांगून व पाहून शिकली जाई, आणि जे लिहिले गेले नाही त्याचा इतिहास नाही अशी समजूत रूढ होती. तथापि शब्द हाही एक प्रकारचा दस्तऐवजच होय. पदार्थ कोठून आला, कोणी आणला, महाग होता की स्वस्त, आणि त्याच्या जागी पुढे दुसरे काय आले, याची साक्ष त्याचे नाव पुष्कळदा देते. ती साक्ष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. लिखित साधने

लिखित साधने अगदीच नाहीत असे नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणावर 'गंधयुक्ति' नावाचे प्रकरण आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' (११२९-३१) तर स्नानभोग, विलेपनभोग, ताम्बूलभोग असे राजाच्या उपभोगांचे स्वतंत्र अध्यायच देतो. मराठीच्या आरंभकाळाचे काही नमुने याच ग्रंथात मिळत असल्यामुळे मराठीच्या अभ्यासकाला तो अनोळखी नाही. मराठ्यांच्या राज्यात सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'तही 'भोग्यवर्ग' हा एक वर्ग आहे.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची भर घातली ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) यांनी. गंगाधराचा 'गंधसार' व अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद' हे दोन गंधशास्त्रीय ग्रंथ एकाच हस्तलिखितात त्यांनी उजेडात आणले, आणि त्यांपैकी 'गंधवादा'वर मराठी टीका आहे हे दाखवून दिले. पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिराने हे ग्रंथ प्रसिद्ध केले. सुगंधी तेले, लेप व धूप यांच्या कृती मराठीत समजावून सांगण्याची गरज एखाद्या टीकाकाराला भासली, याचाच अर्थ संस्कृत न जाणणारा पण व्यवसाय जाणणारा वाचक त्याच्यासमोर होता. अत्तरे व लेप सिद्ध करणारा कारागीर असा आडवाटेने का होईना लेखनात डोकावतो. घरातील उटण्याची पूड करणारी स्त्री मात्र तेथेही आढळत नाही. तिच्यासाठी शब्दांकडेच वळावे लागते.

२. देशी परंपरेतील शब्द

'उटणे' हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन' या शब्दापासून आला. उद्वर्तन म्हणजे अंगावर चोळून मळ काढणे. आयुर्वेदात ती स्नानापूर्वीची एक क्रिया आहे. प्राकृतात 'उव्वट्टण' असे रूप झाले. त्यातील 'व्व'चा हिंदीत 'ब' होऊन 'उबटन' सिद्ध झाले. मराठीत 'व' लोपला आणि 'उटणे' उरले. येथे ध्वनीइतकाच अर्थाचा बदलही लक्षणीय आहे. संस्कृतात क्रियेचे असलेले नाव मराठीत त्या क्रियेसाठी लागणाऱ्या पुडीचे झाले. चंदन, वाळा, नागरमोथा, गव्हला-कचोरा, आंबेहळद इत्यादींची ही पूड आता बहुतेक घरांत नरकचतुर्दशीच्या अभ्यंगापुरती राहिली आहे. त्याच कुळातील 'उटी' हा शब्द मात्र देवाकडे गेला. उन्हाळ्यात पंढरपूरला विठ्ठलमूर्तीस चंदनाची उटी लावण्याचा प्रघात आहे.

'काजळ' हा 'कज्जल' शब्दाचा नियमित परिणाम होय. जोडाक्षर सुटले, आधीचा स्वर दीर्घ झाला, आणि स्वरमध्यस्थ 'ल'चा मराठीच्या स्वभावाप्रमाणे 'ळ' झाला. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर तांब्या-पितळेचे भांडे उपडे धरून जमविलेली काजळी तुपात खलली की काजळ होते. संस्कृतातील दुसरा शब्द 'अंजन' मराठीत टिकला, पण तो औषधाच्या व वाक्प्रचाराच्या आश्रयाने; डोळ्यांत अंजन घालणारा मनुष्य आता डोळे सजवीत नाही, ते उघडतो. फारसीतून आलेला 'सुरमा' हा पदार्थ मुळातच वेगळा आहे. काजळ ही काजळी, तर सुरमा हे खनिज. आणि पुष्कळ सुरम्यांत ते खनिज शिशाचे गंधकयुक्त संयुग असते. शिसे शरीरात, विशेषतः बालकांच्या शरीरात, गेल्यास अपाय करते. दोन शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येऊ लागले तरी दोन पदार्थ एक होत नाहीत, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पदार्थाबरोबर मागे पडलेल्या शब्दाचे उदाहरण म्हणून 'अळिता' घेता येईल. लाखेपासून केलेला हा तांबडा रंग स्त्रिया पायांना लावीत. 'अलक्तक' या संस्कृत शब्दापासून 'अलत्तअ' या प्राकृत रूपाद्वारे तो मराठीत आला. बंगालमध्ये 'आलता' या नावाने शब्द व पदार्थ दोन्ही जिवंत आहेत. महाराष्ट्रात पायांवरचा हा रंग मागे पडला आणि शब्द कोशात राहिला.

३. कुंकू : शब्द तोच, पदार्थ दुसरा

या सर्व शब्दांत 'कुंकू' या शब्दाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. संस्कृतात 'कुङ्कुम' म्हणजे केशर. त्याचा 'काश्मीरज' हा पर्यायच त्याचे उत्पत्तिस्थान सांगतो. मराठीत आदिस्वर व अनुस्वार कायम राहिले आणि अन्त्य 'म' क्षीण झाला. 'ग्राम'पासून 'गाव', 'नाम'पासून 'नाव' व्हावे त्याच रीतीने त्या 'म'चा अंश 'कुंकवाचा', 'कुंकवाला' या सामान्यरूपांतील 'व'मध्ये पाहता येतो.

अर्थ मात्र पार पालटला. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुलांचे तंतू हातांनी खुडावे लागतात. असा पदार्थ दक्षिणेतील सामान्य गृहिणीच्या नित्य वापरात येणे शक्यच नव्हते. तिच्या हाताशी होती ती हळद. हळदीतील पिवळे रंगद्रव्य अल्कलीच्या संपर्कात आले की लाल होते. म्हणून हळकुंडांवर लिंबाचा रस, टाकणखार, चुना यांसारख्या पदार्थांची प्रक्रिया करून तांबडी पूड तयार करण्यात आली आणि तिने केशराचे नाव घेतले. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव या कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. नाव असे हातचे गेल्यावर मूळ पदार्थासाठी मराठीने 'केशर' हा शब्द योजला. संस्कृतात 'केसर' म्हणजे फुलातील तंतू. तेव्हा अवयवाचे नाव संपूर्ण पदार्थाला मिळाले. महाग वस्तूचे नाव स्वस्त वस्तूने घेण्याचा हा प्रकार व्यापाराच्या इतिहासात नवा नाही. परंतु येथे स्वस्त वस्तूने मूळ वस्तूला आपले नावच सोडावयास लावले.

कुंकू लावण्याची पद्धतीही शब्दांत जतन झाली आहे. कपाळावर प्रथम मेण लावून त्यावर कुंकवाची पूड बसवीत. करंडा, फणी आणि आरसा असलेली फणेरपेटी यांनी तो संसार पूर्ण होई. मागाहून पातळ 'गंध' आले, आणि त्यानंतर गोंद लावलेली 'टिकली'. टिकलीने मेण व करंडा दोन्ही अनावश्यक केले. मात्र काही टिकल्यांच्या गोंदातील रसायनामुळे कपाळावर पांढरे डाग पडतात, तसेच कृत्रिम रंगाच्या कुंकवाने त्वचेचा दाह होतो, अशी नोंद त्वचारोगतज्ज्ञांनी केली आहे. हळदीचे कुंकू आणि रंगाची पूड यांना एकच नाव असल्यामुळे हा भेद ग्राहकाच्या लक्षात येत नाही.

परंतु या शब्दाचा खरा भार वेगळाच आहे. मराठीत 'कुंकू' म्हणजे सौभाग्य, आणि 'कुंकवाचा धनी' म्हणजे पती. प्रसाधनद्रव्याच्या नावाने विवाहस्थितीचा असा ताबा घेतला की ते द्रव्य वापरण्याचा अधिकारही त्या स्थितीवर अवलंबून राहू लागतो. विधवेचे कुंकू पुसण्याच्या रूढीमागे हा अर्थ उभा आहे. १९३७ मध्ये व्ही. शांताराम यांनी जरठ-कुमारी विवाहावरील चित्रपटाला 'कुंकू' हेच नाव दिले, ते या अर्थामुळेच. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने अन्य ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठरावाने शब्दाचा अर्थ एका दिवसात बदलत नाही. पण केशरापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून पतीपर्यंत जो शब्द सरकला, तो आणखी सरकणार नाही असे मानण्यास भाषेच्या इतिहासात आधार नाही.

४. शेजारच्या व दूरच्या भाषा

केसांच्या बाबतीत मराठीने दोन दिशांना हात पसरलेला दिसतो. 'रिठा' हा संस्कृत 'अरिष्टक' या शब्दाचा वंशज. 'शिकेकाई' मात्र कन्नड 'सीगेकायि'वरून आलेली आहे, आणि तिच्यातील 'कायि' म्हणजे कच्चे फळ वा शेंग. दोन्ही फळांत पाण्यात फेस करणारी द्रव्ये आहेत. त्यामुळे साबणाच्या पूर्वी, आणि पुष्कळ घरांत साबणानंतरही, न्हाणे याच द्रव्यांवर चाले.

'अत्तर' अरबी 'इत्र' या शब्दावरून फारसीमार्गे आले. 'गुलाब' हा मूळ फारसी समास : 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. फुलाच्या अर्काचे हे नाव मराठीत फुलालाच पडले, आणि मग अर्कासाठी 'गुलाबपाणी' हा शब्द करावा लागला. त्यात पाणी दोनदा आले आहे याची जाणीव कोणाला राहिली नाही. 'साबण' या शब्दाबाबत अरबी-फारसी 'साबून' आणि पोर्तुगीज 'सबाँव' असे दोन मार्ग संभवतात. गोव्याचे भाषापंडित सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो (१८५५-१९२२) यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील आपल्या १९१३ च्या ग्रंथात अशा शब्दांची छाननी केली आहे. दोन्ही रूपे अखेर एकाच लॅटिन शब्दाकडे जात असल्यामुळे केवळ ध्वनिसाम्यावरून निर्णय करणे धोक्याचे ठरते.

५. स्नो, पावडर आणि जाहिरात

विसाव्या शतकात पदार्थ व शब्द एकत्रच, डबीत बंद होऊन आले. 'स्नो' हा त्यांचा नमुना होय. हा लेप मुख्यतः स्टिअरिक आम्ल व पाणी यांचे पायस असतो. चोळला असता तो दिसेनासा होतो व त्वचेवर तेलकट चकाकी राहत नाही. मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी काढलेल्या 'अफगाण स्नो'ने हा शब्द घराघरांत नेला. अफगाणिस्तानचे अमीर अमानुल्ला यांना तो लेप पाहून आपल्या देशातील बर्फ आठवला व त्यावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. या उत्पादनाचा आरंभ १९१९ चा सांगितला जातो, आणि अमानुल्ला मुंबईस आले ते १९२७ च्या डिसेंबरात. तेव्हा आख्यायिका किंवा वर्ष यांपैकी एक सोडावे लागेल. नाव काही असो, इंग्रजीतील बर्फवाचक शब्द मराठीत केवळ तोंडाला लावण्याच्या लेपाचा वाचक झाला, हे भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

१९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री होत. १९५२ मध्ये टाटा ऑइल मिल्सने 'लॅक्मे' ही कंपनी स्थापन केली. हे नाव देलीब याच्या १८८३ च्या फ्रेंच संगीतिकेचे, आणि संगीतिकेतील नाव म्हणजे 'लक्ष्मी'चे फ्रेंच रूप. भारतीय नाव पॅरिसला जाऊन परतले तेव्हाच ते प्रतिष्ठित ठरले, असे म्हणावे लागते. याच काळात सरकारी मराठीने 'सौंदर्यप्रसाधने' हा शब्द स्थिर केला. त्याचा भाऊबंद 'प्रसाधनगृह' मात्र शौचालयाच्या दारावर जाऊन बसला. 'टॉयलेट' या शब्दानेही वेशभूषेच्या मेजापासून तेथपर्यंतचाच प्रवास केलेला आहे.

६. नावाचे मोल

शब्दांची ही चर्चा केवळ विद्वत्तेची नाही, हे दोन प्रसंगांवरून दिसून येईल. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विको या संस्थेने १९७५ मध्ये हळदयुक्त क्रीम बाजारात आणले. ते औषध समजून त्यावर अबकारी कर बसवावा की प्रसाधन समजून, हा वाद अनेक वर्षे चालला व सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर निर्णय औषधाच्या बाजूने झाला. अशा वादांत सामान्य लोक त्या वस्तूला काय समजतात, ही न्यायालयांनी मानलेली एक मुख्य कसोटी होती. हळद, उटणे, अंजन यांच्या बाबतीत औषध व शृंगार यांच्यामध्ये मराठी बोलणाऱ्याने कधीच रेघ ओढलेली नव्हती. ती रेघ करपद्धतीने आणली.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याच्या कृतीला पेटंट मिळाले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला १९९६ मध्ये आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. तत्कालीन अमेरिकी कायद्यात परदेशातील निव्वळ वापर पुरावा म्हणून पुरेसा नव्हता. त्या वापराचा छापील उल्लेख दाखवावा लागे. ही प्रत्येक घरात ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध झाली ती जुने ग्रंथ व १९५३ चा एक वैद्यकीय लेख यांच्या साहाय्याने. २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले, ते याच अनुभवातून.

त्या ग्रंथालयात जे जाते ते आधी कोठेतरी लिहिलेले असते. उटण्यातील द्रव्यांची प्रांतोप्रांतीची नावे व प्रमाणे, काजळ धरण्याच्या रीती, कुंकवाच्या प्रती ओळखण्याचे शब्द, हे सारे दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (१९३२-३८) काही अंशी आले आहे. पुष्कळसे अद्याप वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यातच आहे. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी जिल्हावार प्रश्नावली करून हा शब्दसंग्रह, त्यातील प्रत्येक शब्दाची कृती व तो सांगणाऱ्या स्त्रीचे गाव यांसह, नोंदविणे अगत्याचे आहे. कोणते द्रव्य अंगाला लावण्याजोगे आणि कोणते टाकण्याजोगे, हे रसायनशास्त्र ठरवील. पण तपासावयाचे द्रव्य नेमके कोणते, हे सांगण्याचे काम प्रथम शब्दालाच करावे लागते.