वर्ध्याच्या उन्हात गाडीवरचे हट्टी डाग घरच्या घरी कसे काढाल?

मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तापलेल्या गाडीवर पक्ष्यांची विष्ठा वाळली, तर रंगाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. कारण उन्हात रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, मऊ होऊन पसरतो. थंड होताना तो वाळलेल्या विष्ठेभोवती आकसतो आणि ठसा उमटतो.

काय कराल?

- गाडी सावलीत थंड होऊ द्या.
- विष्ठा: ओलं कापड १० मिनिटं ठेवा, मग अलगद उचला.
- डांबराचे ठिपके: कापडावर थोडं रॉकेल घेऊन पुसा, लगेच कार शाम्पूने धुवा.
- बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग: व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून पुसा, लगेच धुवा.

काय टाळाल?

कोरडं घासणं, भांड्यांची घासणी आणि कपड्यांची पावडर. ओरखड्यात नख अडकलं, तर तो घरच्या पॉलिशने जाणार नाही.