कोणतं इंजेक्शन? वजनाच्या औषधांची नव्वद वर्षं

अमेरिकेत टीव्हीवर औषधांच्या जाहिराती लागतात, आणि त्याही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांच्या! भारतातून नवीन आलेल्या माणसाला याची भारी गंमत वाटते. पडद्यावर हसरे आजी-आजोबा सायकल चालवत असतात आणि मागून एक आवाज भराभरा दुष्परिणामांची यादी वाचत असतो. शेवटी ठरलेलं वाक्य – आपल्या डॉक्टरांना विचारा. गेल्या काही वर्षांत या जाहिरातींमध्ये वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनी चांगलंच बस्तान बसवलंय. भारतातल्या नातेवाईकांकडूनही आता हवापाण्याच्या चौकशीनंतर हाच प्रश्न येतो: त्या दोन इंजेक्शनांतलं चांगलं कुठलं?

मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. तेव्हा कोणी काय घ्यावं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण नवीन यंत्र घेण्याआधी त्याची जुनी मॉडेलं कुठे आणि का बंद पडली हे पाहायची आमच्या जमातीला खोड असते. वजनाच्या औषधांच्या बाबतीत तर हा इतिहास फारच बोलका आहे.

सुरुवात होते पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत. तिथे डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन स्फोटकांसाठी वापरत. ते हाताळणाऱ्या कामगारांचं वजन घटायचं, अंगाला घाम फुटायचा, ताप चढायचा. काही जण दगावलेसुद्धा. पुढे १९३३ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग यांनी याच रसायनाचा लठ्ठपणावर उपयोग होतो असं जाहीर केलं. आपल्या पेशी अन्नातून ऊर्जा काढून साठवून ठेवतात. हे रसायन त्या कामात खीळ घालतं आणि ऊर्जा नुसतीच उष्णता होऊन निघून जाते. क्लच दाबून अॅक्सिलरेटर द्यावा तसं. इंजिन तापतं, पेट्रोल जळतं, गाडी जागची हलत नाही!

वजन उतरायचं, यात शंका नाही. ते घ्यायला चिठ्ठीसुद्धा लागत नसे. वर्ष-दीड वर्षात अमेरिकेत लाखभर लोकांनी ते घेतलं असा अंदाज आहे. मग तरुण बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसायला लागले. काही जण अक्षरशः आतून तापून मेले. गंमत म्हणजे ते थांबवण्याचा पुरेसा अधिकारच सरकारकडे नव्हता. १९३८ साली अन्न, औषधे आणि सौंदर्यप्रसाधनांचा नवा कायदा झाला, तेव्हा कुठे एफडीएच्या हातात दंडुका आला आणि हे औषध बाजारातून गेलं.

त्यानंतरची पाळी अॅम्फेटामिनची. भूक मरते, तरतरी येते, घरकाम झपाट्याने उरकतं. आणखी काय हवं? १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेत 'वजनाचे दवाखाने' निघाले आणि तिथे रंगीबेरंगी गोळ्यांची पुडकी मिळू लागली. यांना नावही 'इंद्रधनुषी गोळ्या' असं गोंडस! एका पुडक्यात अॅम्फेटामिन, थायरॉइडचं संप्रेरक, लघवी जास्त व्हायचं औषध, हृदयाचं औषध डिजिटॅलिस, आणि या सगळ्यांनी उडालेली झोप परत आणायला बार्बिच्युरेट. १९६८ साली 'लाइफ' मासिकाची एक वार्ताहर, जी मुळात लठ्ठ नव्हतीच, दहा डॉक्टरांकडे फिरली आणि हजाराच्या वर गोळ्या घेऊन आली. तोपर्यंत या गोळ्यांनी काही बळी घेतले होते. मग छापे पडले, आणि १९७०च्या कायद्याने अॅम्फेटामिनवर कडक बंधनं आली.

तिसरा अध्याय 'फेन-फेन'चा. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन ही दोन जुनी औषधं. एकेकटी मंजूर होती, पण दोन्ही एकत्र द्यायला एफडीएने कधीच परवानगी दिली नव्हती. १९९२ साली रॉचेस्टर विद्यापीठाच्या मायकेल वाइनट्रॉब यांनी १२१ लोकांवर केलेल्या चाचणीत ही जोडगोळी चांगली चालते असं दिसलं. झालं! चार वर्षांत लाट आली. १९९६ या एका वर्षात १ कोटी ८० लाखांच्या वर चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. १९९७च्या उन्हाळ्यात मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी, हे औषध घेणाऱ्या २४ बायकांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचं कळवलं. सप्टेंबरमध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून काढून घेतलं गेलं. नुकसानभरपाईचा आकडा पुढे अब्जावधी डॉलरमध्ये गेला.

आता तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. लोकांनी विचारलेला प्रश्न दर वेळी एकच होता: किती किलो उतरेल? त्याचं उत्तरही दर वेळी खरं होतं! वजन उतरत होतंच. फक्त 'आणि पुढे काय?' हा प्रश्न दर वेळी लाखो लोकांनी औषध घेऊन झाल्यावर विचारला गेला.

आजची इंजेक्शनं आली ती या घराण्यातून नाही, मधुमेहाच्या घराण्यातून. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'पोट भरलं' असं कळवतं. १९८०च्या दशकात बॉस्टनमध्ये जोएल हॅबनर आणि स्वेतलाना मोयसोव्ह यांनी त्यावर मूलभूत काम केलं. अडचण एवढीच की रक्तात हे संप्रेरक दोनेक मिनिटांत निकामी होतं. औषध म्हणून काय उपयोग?

इथे एका सरड्याची एंट्री होते. गिला मॉन्स्टर हा अॅरिझोना आणि उत्तर मेक्सिकोच्या वाळवंटातला जाडजूड विषारी सरडा. वर्षातून मोजक्या वेळा खाऊन राहणारा. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयातल्या जॉन एंग यांना त्याच्या विषात जीएलपी-१ सारखंच, पण कितीतरी जास्त वेळ टिकणारं रसायन सापडलं. १९९२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि पुढे पेटंटही स्वतःच घेतलं. त्यावरून झालेलं एक्झेनाटाइड हे मधुमेहाचं इंजेक्शन २००५ साली मंजूर झालं. दिवसातून दोनदा टोचायचं. साखर तर उतरलीच, वर लोकांचं वजनही थोडं उतरलं.

डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कने दुसरी वाट धरली. त्यांच्या लोट्टे बेरे क्नुडसेन यांच्या गटाने माणसाच्याच जीएलपी-१ ला स्निग्धाम्लाची शेपटी जोडली. ती रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून राहते, त्यामुळे औषध लवकर नष्ट होत नाही. त्यातून लिराग्लुटाइड झालं, रोज एकदा टोचायचं. वजनासाठी ते २०१४ साली मंजूर झालं. चाचणीत सरासरी ८ टक्के वजन उतरलं होतं. मग आलं सेमाग्लुटाइड, आठवड्यातून एकदाच. मधुमेहासाठी 'ओझेम्पिक' नावाने २०१७ साली आणि वजनासाठी 'वेगोव्ही' नावाने जून २०२१ मध्ये. त्याच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घट झाली. क्नुडसेन, हॅबनर आणि मोयसोव्ह यांना या कामासाठी २०२४ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

अमेरिकेच्या एली लिली कंपनीने आणखी एक पाऊल टाकलं. त्यांचं टिरझेपाटाइड जीएलपी-१ बरोबर जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. एका किल्लीने दोन कुलुपं! मधुमेहासाठी 'मॉन्जारो' २०२२ मध्ये, वजनासाठी 'झेपबाउंड' नोव्हेंबर २०२३ मध्ये.

तर मंडळी, दोघांत सरस कोण? मे २०२५ मध्ये समोरासमोरच्या चाचणीचे निकाल आले. ७५१ लोक, ७२ आठवडे. टिरझेपाटाइडने सरासरी २०.२ टक्के, सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के. म्हणजे १०० किलोचा माणूस एकाने ८० वर येईल, दुसऱ्याने ८६ वर. चाचणीचा खर्च लिलीचा होता आणि कोणाला काय टोचतोय हे सगळ्यांना माहीत होतं, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. किलोचाच प्रश्न असेल तर विषय इथे संपला.

पण इतिहास वाचलेला माणूस 'आणि पुढे काय?' असंही विचारेल. सेमाग्लुटाइडची आणखी एक मोठी चाचणी झाली. हृदयविकार असलेले, जाड, पण मधुमेह नसलेले १७,६०४ लोक, सरासरी तीन वर्षांहून जास्त काळ. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांपैकी काहीतरी नुसती सुई घेणाऱ्यांत शंभरात ८ जणांना झालं, औषध घेणाऱ्यांत साडेसहा जणांना. आकडा छोटा दिसतो, पण वजनाच्या औषधाने हृदय बिघडवण्याऐवजी वाचवलं हे या नव्वद वर्षांत नवीनच होतं. मार्च २०२४ मध्ये एफडीएने वेगोव्हीला त्यासाठीही मान्यता दिली. उलट झोपेत श्वास अडकण्याच्या विकारासाठी डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली ती झेपबाउंडला. म्हणजे आधीचा आजार कोणता, यावर निवड बदलते.

दोन्हींचा त्रास साधारण सारखाच – मळमळ, उलट्या, जुलाब, नाहीतर बद्धकोष्ठ. क्वचित पित्ताशयात खडे किंवा स्वादुपिंडाला सूज. घरात विशिष्ट प्रकारच्या थायरॉइड कॅन्सरचा इतिहास असेल तर दोन्ही वर्ज्य. एक फरक मात्र बायकांनी लक्षात ठेवावा: टिरझेपाटाइड सुरू करताना आणि दर वेळी मात्रा वाढवताना तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून चार आठवडे दुसरा उपाय करायला सांगतात.

आणि बंद केलं तर? सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं असं दिसलं. टिरझेपाटाइडचीही तीच कथा. हे रक्तदाबाच्या गोळीसारखं आहे, लग्नापुरता करायचा उपास नव्हे.

त्यामुळे पाच वर्षं परवडेल का, हा प्रश्न येतोच. आणि इथे अमेरिकेतली खरी गंमत (की शोकांतिका?) सुरू होते. वेगोव्हीची छापील किंमत बाजारात आली तेव्हा महिन्याला १,३४९ डॉलर होती, झेपबाउंडची १,०६० च्या आसपास. इतके पैसे खिशातून कोण देणार? म्हणजे इन्शुरन्स. त्या कंपन्यांच्या वतीने औषधांच्या याद्या ठरवणारे मधले व्यवहारी वेगळेच असतात. ज्या मे २०२५ मध्ये झेपबाउंड सरस ठरल्याचे तपशील छापून आले, त्याच महिन्यात यातल्या सीव्हीएस केअरमार्क या बड्या मध्यस्थाने जाहीर केलं की १ जुलैपासून त्यांच्या मुख्य यादीत वेगोव्ही राहील आणि झेपबाउंड जाईल! कारण काय, तर उत्पादकाशी झालेला किमतीचा सौदा. डॉक्टर आणि पेशंट यांनी मिळून केलेली निवड तिसऱ्याच माणसाने बदलली.

भारतात मॉन्जारो मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. म्हणजे तिथे निवड दोन नावांपुरती राहणार नाही, आणि पैसे बहुतेकांचे स्वतःच्याच खिशातले. म्हणून एक पुण्याची गोष्ट सांगतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काटा दोघांना सारखाच तोलत होता. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि या इंजेक्शनांनी चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात. तेव्हा नुसता काट्याचा आकडा बघून औषध निवडणं आपल्याला तर अजिबातच परवडणारं नाही.

असो. तेव्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा 'जास्त किलो कशाने उतरतील?' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: माझा वजनाशिवाय दुसरा आजार कोणता, आणि त्यावर यातल्या कशाचा पुरावा आहे? मला हे पाच वर्षं झेपेल का, पोटाला आणि खिशाला? आणि स्नायू टिकवायला मी काय खाऊ, कोणता व्यायाम करू? यातलं काहीच न विचारता कोणी चिठ्ठी लिहून देत असेल, तर सरळ दुसरा डॉक्टर गाठा.