देवळालीच्या स्वयंभू मूळ संख्या

कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते. १६ मध्ये १ आणि ६ मिळवले की २३, आणि २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. म्हणजे १६ ही २३ ची जनक. १०१ ला तर ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. पण २०, ३१, ४२ यांना जनकच नाही. अशा संख्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी स्वयंभू ठरवले. डहाणूत १९०५ साली जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, म्हणून या संख्यांना ‘देवळाली संख्या’ असेही म्हणतात.

संख्या स्वयंभू आहे का, हे पाहायला मागच्या साऱ्या संख्या धुंडाळाव्या लागत नाहीत. कापरेकरांची युक्ती अशी: अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची, तो विषम असला तर ९ मिळवायचे आणि निम्मे करून दिलेल्या संख्येतून वजा करायचे. येणारी संख्या जनक नसेल तर ९-९ ने मागे जायचे. १२७ साठी १२२ हाती येते आणि १२२ + ५ = १२७, म्हणजे जनक पहिल्याच फटक्यात सापडला. ३१ साठी २९, २०, ११ पाहिले तरी जनक मिळत नाही. संख्येत जितके अंक, साधारण तितक्याच तपासण्या पुरतात.

३, ७, ३१ आणि १२७ या मर्सेन मूळ संख्या आहेत, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या. त्यांतल्या पहिल्या तीन स्वयंभू, चौथी नाही. मग प्रचंड मर्सेन मूळ संख्यांचे काय?

२ चा २,४०,३६,५८३ वा घात वजा १ ही ७२,३५,७३३ अंकी संख्या मूळ असल्याचे जॉश फिंडलेच्या संगणकाने मे २००४ मध्ये दाखवले. त्याला दोन आठवड्यांहून थोडे अधिक लागले. ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी सिद्ध केले की ही संख्या स्वयंभूही आहे. तेव्हा ज्ञात असलेल्या मर्सेन मूळ संख्यांत स्वयंभू अशी सर्वांत मोठी तीच होती. कापरेकरांच्या रीतीने पाहिले तर तिचे संभाव्य जनक सुमारे ७२ लाख होतात. आकडा भयंकर वाटतो, पण ते सारे जनक संख्येच्या मागे साडेसहा कोटींच्या पट्ट्यात बसतात. त्यामुळे बहुतेक फरक शेवटच्या आठ अंकांतच पडतो आणि पुढच्या लक्षावधी अंकांची बेरीज एकदा केली की काम भागते. मूळपणाची परीक्षा मात्र इतकी सोपी नाही.

हे दोन गुण एका जातीचे नाहीत. मूळपणा संख्येचा स्वतःचा असतो, ती कशीही लिहा. स्वयंभूपणा दशमान लेखनातून येतो. द्विमानात लिहिले तर उत्तर बदलू शकते. म्हणूनच अनेक गणितज्ञांना कापरेकरांचे काम नुसता खेळ वाटले, आणि हा आक्षेप अगदी निराधार नाही. तरीही देवळालीहून त्यांनी स्वतः छापलेल्या पुस्तिका मार्टिन गार्डनरपर्यंत पोहोचल्या. गार्डनरांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले.