मागावरची माणसं, मागावरची कुत्री

मंडळी, म्हसवडमध्ये घोड्यावरच्या शिकारीविषयी बोलायचं म्हटलं की पहिलं नाव येतं ते नागोजी मान्यांचं. आणि ती शिकार जनावराची नव्हती.

1697 सालचा जून महिना. सेनापती संताजी घोरपडे जिंजीकडून परत आलेले, छत्रपती राजारामांशी बिनसलेलं, धनाजी जाधवांशी उघड लढाई झालेली, फौज पांगलेली. नागोजींचे मेहुणे अमृतराव निंबाळकर यांना संताजींनी हत्तीच्या पायी दिलं होतं. त्याचा सूड घ्यायला नागोजी मागावर निघाले. शंभू महादेवाच्या डोंगररांगेत त्यांनी संताजींना गाठलं. खाफीखान लिहितो की संताजी त्या वेळी ओढ्यावर अंघोळ करत होते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. शिर औरंगजेबाकडे गेलं.

मला यातली एकच गोष्ट आज पुढे न्यायची आहे. ज्यांची घोडी बादशाही फौजेला हाती लागत नव्हती असा माणूस इथं सापडला, तो कशामुळं? खबरीमुळं. कुणीतरी सांगितलं, कुणीतरी पाहिलं. कुत्र्याच्या नाकाचा यात काहीच संबंध नाही.

आता इंग्लंडकडे बघा. तिथं आज एक खेळ आहे. एक धावपटू पंधरा-वीस मिनिटं आधी शेतांतून पळत सुटतो. मग त्याच्या मागावर ब्लडहाउंड सोडतात, आणि कुत्र्यांच्या मागं घोडेस्वार. याला ते 'क्लीन बूट' म्हणतात. म्हणजे पळणाऱ्याच्या जोड्याला मुद्दाम कसलाही वास चोळलेला नसतो, कुत्रं त्याच्या अंगाच्या वासावरच जातं. शेवटी माणूस सापडतो, कुत्री त्याला चाटतात, त्यांना खाऊ मिळतो. कुणी मरत नाही. 2004 च्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार बंद झाली, आणि या बिनरक्ताच्या खेळाकडे लोक जास्त वळले.

पण खेळ व्हायच्या आधी ते काम होतं. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवर शेकडो वर्षं गुरं पळवायचा धंदा चालला. तिथल्या रिवाजाप्रमाणं ज्याची गुरं गेली त्याला सहा दिवसांच्या आत कुत्रं आणि शिंग घेऊन, आरडाओरडा करत सरहद्द ओलांडायचा हक्क होता. तो मागावर असताना त्याला अडवणारा गुन्हेगार. रॉबर्ट ब्रूसचीही गोष्ट सांगतात, की शत्रूनं मागं कुत्रं लावलं तेव्हा तो ओढ्यात उतरून पाण्यातून चालत गेला आणि वास तुटला. ब्रूस ओढ्यामुळं वाचला. आपले सेनापती ओढ्यावर सापडले.

या सरहद्दीच्या रिवाजाचा सख्खा भाऊ आपल्याकडे होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पेशवाई बुडाल्यावर जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराचं काम नोंदलंय. चोरी झाली की रामोशी, भिल्ल किंवा महार, ज्याच्याकडे ते काम असेल त्यानं, चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की तिथल्या राखणदाराच्या हवाली करायचा. त्यानं पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा. जिथं माग तुटेल त्या गावानं नुकसान भरून द्यायचं. म्हणजे तिकडं मागाचा हक्क होता, इकडं मागाची जबाबदारी, आणि ती अख्ख्या गावावर. मला आपली पद्धत जास्त कडक वाटते. शेजारी गावावर भरपाई येणार म्हटल्यावर राखणदार डोळे उघडे ठेवणारच.

फरक काय, तर तिकडं कुत्र्याचं नाक आणि इकडं माणसाचा डोळा.

याचं कारण जमिनीत आहे. वास टिकायला ओल लागते, गारवा लागतो. माणदेशच्या माळावर दहा वाजता उन्हं तापली की वास उडून जातो. पण धुळीत पाऊल मात्र स्वच्छ उमटतं. म्हणून इथलं शिकारी कुत्रंसुद्धा नजरेचं. कारवानी बघा, आटपाडी-जत भागात बऱ्याच जणांनी बघितलं असेल. लांब तोंड, आत गेलेलं पोट, ससा दिसला की सुटतं. ससा दिसेनासा झाला की त्याचं काम जवळजवळ संपतं. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी याच जातीची जोडी बादशहा पंचम जॉर्जला नजर केली होती, आणि ते घोरपडे संताजींच्याच कुळातले. ब्लडहाउंड याच्या बरोब्बर उलट. लोंबते कान, सुरकुत्यांचं तोंड, वेग बेताचा, पण कित्येक तासांपूर्वीचा माग उचलतं.

आता उड्या. लोकांना वाटतं घोडा आणि कुंपण ही जोडी जुनी आहे. तसं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात कायदे करून सामायिक जमिनी वाटल्या गेल्या, शेतांना काटेरी कुंपणं आली. कुत्री कुंपणातून निसटायची, स्वाराला मात्र वरून जावं लागायचं. तिथून उडी ही शिकारीची शान झाली. ज्या कुंपणानं गरिबाचं चराऊ रान गेलं, त्याच कुंपणावर साहेबाची मर्दुमकी! बरं, उडी मारताना स्वार मागं रेलायचा आणि घोड्याचं तोंड ओढलं जायचं. पुढं झुकून घोड्याची मान मोकळी सोडायची ही रीत इटलीच्या काप्रिल्लीनं रुजवली, तीही विसाव्या शतकाच्या तोंडाशी.

आपल्याकडे कुंपण नव्हतं, बांध आणि ताल होते, ओघळी होत्या. भीमथडी तट्टू बुटकं, पण खडकाळ उतारावर पाय न चुकणारं आणि थोड्या चाऱ्यावर दिवस काढणारं. ते ओघळीत उतरून पलीकडे चढतं. त्याला उडवायची गरज पडत नाही.

पुण्याला छावणी आल्यावर साहेबांनी विलायती फॉक्सहाउंड आणले. इथलं खोकड अगदीच लहान, म्हणून कोल्ह्यामागं लावले. 'पूना अँड किरकी हाउंड्स' असं त्या टोळीचं नाव. वास टिकावा म्हणून पहाटेच निघावं लागायचं. ऊन वर आलं की खेळ आटोपता. ब्लडहाउंडवर तर खुद्द लंडनमध्येसुद्धा भरवसा बसला नव्हता. 1888 साली जॅक द रिपरला पकडायला पोलीस आयुक्त वॉरेननं बर्नबी आणि बर्गो अशी दोन कुत्री आणून बागांमध्ये चाचणी घेतली, स्वतः पळून दाखवलं. खऱ्या तपासात ती कधी लागलीच नाहीत.

आणि आपल्या मागकऱ्यांचं काय झालं? कंपनी सरकारच्या नव्या बंदोबस्तात रामोशांची वतनं आणि हक्क गेले. उमाजी नाईक उठले. पुरंदरच्या डोंगरांत सरकारला वर्षानुवर्षं सापडले नाहीत, कारण माग कसा लपवायचा हे मागकऱ्याइतकं कुणाला कळणार? दहा हजारांचं बक्षीस लावलं, तेव्हा 1831 च्या डिसेंबरात भोरजवळ उत्रोळीला पकडले गेले. पुन्हा खबरच. 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फाशी झाली.

पुढं गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पुणे-साताऱ्याकडचे रामोशीही त्यात ओढले गेले. ज्यांचे आजे-पणजे दुसऱ्याच्या चोरीचा माग शिवेपर्यंत नेऊन पोचवायचे, त्यांना आता स्वतः कुठं आहोत हे सांगायला हजेरी द्यावी लागायची. तो कायदा उठला 1952 साली.