रकाना नक्की कोणता? ‘दर्पण’पासून एक्सेलपर्यंत

आजचा भाग ऐकायला जरा कोरडा वाटेल, कारण विषय आहे यादी. नावांची, नंबरांची लांबलचक यादी आणि ती कागदावर छापायची कशी. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना आलेले पन्नासेक ‘तर’ आणि ‘म्हणजे’ काढून टाकलेत, सगळे नाही.

सुरुवात आमच्या घणसोलीच्या सोसायटीतून. कमिटीची निवडणूक होती आणि सभासदांची यादी लिफ्टजवळच्या बोर्डावर लावायची होती. सेक्रेटरी काकांनी मला एक्सेलची फाइल पाठवली. ३८६ ओळी, फ्लॅट नंबर आणि नाव, बस. प्रिंट प्रीव्ह्यू उघडला तर एका पानावर ४६ ओळी, म्हणजे नऊ पानं, आणि प्रत्येक पानाचा उजवा दोन तृतीयांश भाग कोराकरकरीत. काका म्हणाले, “अरे, पूर्वी पेपरात दहावीचा निकाल यायचा तसं छाप ना. तीन-तीन रकाने करून. तीन पानांत बसेल.”

हिशोब बरोबर होता. ४६ त्रिक १३८, तीन पानांत ४१४ नावांची सोय. पण एक्सेलमध्ये असं बटणच नाही. पेज सेटअपमध्ये ‘आधी खाली, मग आडवं’ असा पर्याय दिसतो खरा, पण तो पानं कोणत्या क्रमानं बाहेर पडतील ते ठरवतो. एकाच पानावर यादी दुमडत नाही. तेच वर्डमध्ये जा, लेआउटमध्ये कॉलम, तीन, झालं. दोन्ही प्रोग्रॅम एकाच कंपनीचे. दोन्हीकडे त्या गोष्टीला कॉलमच म्हणतात. मग एकाला जमतं ते दुसऱ्याला का जमू नये?

याचं उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नाही, इतिहासात आहे. रकाना हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि त्या दोन वेगळ्या घराण्यांतून आल्या आहेत.

पहिलं घराणं हिशोबाचं. जुन्या व्यापारी वह्या कुणी पाहिल्या असतील तर आठवेल, त्यांत छापील रेघा नसत. कागदाला उभ्या घड्या घालायच्या आणि त्या घड्यांच्या खुणांवरून रकाने ठरायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. इथे रकाना म्हणजे जात. या पट्टीत आलेला आकडा जमेचा, त्या पट्टीत आलेला नावेचा. आकडा एका रकान्यातून दुसऱ्यात सरकला तर माणूस देणेकऱ्याचा घेणेकरी होतो. गंमत म्हणून नाही, खरोखर.

स्प्रेडशीट या घराण्यातलं. हिशोबाच्या वहीची समोरासमोरची दोन पानं मिळून पसरलेला मोठा कागद, त्यावरून ते नाव. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क आणलं तेव्हा त्यांनी हीच वही पडद्यावर मांडली, २५४ ओळी आणि ६३ रकाने. आजच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने आहेत, पण स्वभाव वहीचाच. त्याच्या दृष्टीनं नाव हे ‘ब’ रकान्यातच असणार. अर्धी नावं ‘ब’मध्ये आणि उरलेली ‘इ’मध्ये, ही कल्पना त्याला जमाखर्चाची सरमिसळ वाटते.

दुसरं घराणं छापखान्याचं. आता इथे मला एक गोष्ट सापडली, जिच्यासाठी खरं तर हा सगळा भाग केला. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत काढलं, आणि तोच दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. दर्पणच्या पानावर दोन रकाने असायचे. एक मराठी, एक इंग्रजी. म्हणजे डावा रकाना संपला की वाचक उजव्याच्या माथ्यावर जात नसे. तो उजवीकडे बघायचा ते तोच मजकूर दुसऱ्या भाषेत बघायला. आपल्याकडे मराठी वर्तमानपत्राची सुरुवात झाली ती वर्तमानपत्री रकान्यांनी नाही, तर एक्सेलच्या रकान्यांनी. एका रकान्याची एक भाषा, आणि आडवी नजर टाकली की जोडी. मला हे वाचून इतका आनंद झाला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये तिघांना सांगितलं. तिघांनीही मान डोलावली आणि चहा प्यायला लागले.

दर्पण १८४० मध्ये बंद पडला. पुढे ‘केसरी’सारखी एकभाषी पत्रं आली (४ जानेवारी १८८१, पुणे) तोवर रकान्याचं काम बदललं होतं. आता तो जात सांगत नव्हता, नुसती घडी घालत होता. मजकूर एकच, लांबच लांब, पान भरलं की पुढच्या पट्टीच्या डोक्यावर चढायचा.

हे असं का झालं ते समजायला छापखान्यात जावं लागतं. जुळारी हातात स्टिक धरून एकेक खिळा लावायचा. देवनागरीत तर काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून खिळ्यांचे शेकडो नमुने. जावजी दादाजींनी मुंबईत १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला, तेव्हा कुठे सुबक देवनागरी खिळे सहज मिळायला लागले. तर, स्टिकमधल्या ओळी जायच्या गॅलीत, म्हणजे लांबट तबकात. गॅलीत मजकुराची एक उभी पट्टी तयार व्हायची. ती पट्टी पानाच्या उंचीला कापायची, शेजारी दुसरी ठेवायची, मध्ये पितळेची बारीक रेघ. अरुंद ओळ जुळवायला सोपी, डोळ्याला पकडायला सोपी, आणि एखादी बातमी उशिरा आली तर सगळं पान न मोडता पट्टी वरखाली करता यायची.

माझ्यासारख्या माणसाला यात सरळ प्रोग्रॅम दिसतो. लांब यादी घ्या, पानाच्या उंचीएवढे तुकडे पाडा, तुकडे शेजारी ठेवा, पान भरलं की नवं पान. युनिक्सवाल्यांनी हे नेमकं तसंच लिहिलं. १९७१ च्या पहिल्या युनिक्समध्ये ‘पीआर’ नावाची आज्ञा होती, ती आजही लिनक्सवर आहे. ६६ ओळींचं पान गृहीत धरते, पाच ओळी माथ्याला, पाच पायाला, आणि तीन रकाने मागितले की यादी आधी खाली आणि मग शेजारी वाहते. आडवी हवी असेल तर वेगळं सांगावं लागतं. म्हणजे संगणकाला वर्तमानपत्री रकाने जमत नव्हते असं कधीच नव्हतं. वहीच्या घराण्याला जमत नव्हते.

आता ‘आधी खाली’ की ‘आधी आडवं’ हा प्रश्न फालतू वाटेल, पण भिंतीकडे बघा. कालनिर्णय टांगलेलं असेल. १९७३ पासून ते आपल्याला तारखा खाली वाचायला लावतं. वार डावीकडे एकाखाली एक, रविवारपासून शनिवारपर्यंत उतरायचं, मग शेजारच्या रकान्यात पुढचा आठवडा. महिना लांबला आणि सहावा आठवडा निघाला तर ३० किंवा ३१ तारीख पहिल्या रकान्याच्या मोकळ्या चौकटीत जाऊन बसते. छापखान्यातल्या माणसाची जागा वाचवण्याची युक्ती! आणि मोबाइलमधलं कॅलेंडर आडवं. माझी आई अजून मोबाइलवर तारीख बघताना एक क्षण थांबते. मला वाटायचं तिला मोबाइल कळत नाही. तसं नाहीये, तिला दुसरा क्रम पाठ आहे.

काकांना आठवणारा दहावीचा निकालही असाच उभा वाहायचा. नुसते सीट नंबर, बारीक टाइपात. तिथे उभ्या क्रमाला कारण होतं. नंबर चढते असतात, प्रत्येक रकान्याच्या माथ्याचा नंबर बघायचा, आपला कोणत्या दोन माथ्यांच्या मध्ये आहे ते ठरवायचं आणि मग बोट खाली सरकवायचं. शब्दकोशही याच युक्तीवर चालतो. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत आणि पानावर दोन रकाने. आडवी मांडणी केली असती तर शोधणाऱ्याची नजर प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे हेलपाटे घालत बसली असती.

(क्रमावरून आठवलं. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, पण युनिकोडनं त्याला ल आणि व च्या मध्ये बसवलंय. त्यामुळे नुसत्या युनिकोडच्या क्रमानं लावलेल्या यादीत काळे हे कावळ्यांच्या आधी येतात, आणि वर्णमाला पाठ असलेला माणूस त्यांना कासारांच्या नंतर शोधत बसतो. ळ नं कुणाचं आडनाव सुरू होत नाही हे आपलं नशीब.)

ज्यांना फक्त काम करून हवंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोपा रस्ता, यादी वर्डमध्ये टाका, तक्ता मोडून साधा मजकूर करा, तीन कॉलम लावा आणि शेवटी कंटिन्युअस सेक्शन ब्रेक टाका. तो टाकला नाही तर शेवटच्या पानावर पहिला रकाना पूर्ण आणि तिसरा रिकामा असं दिसतं. टाकला की तिन्ही सारखे होतात. एक्सेलमध्येच करायचं असेल तर नव्या आवृत्त्यांत रॅपकॉल्स नावाचं फंक्शन आहे. २०२२ मध्ये आलं, म्हणजे वहीच्या घराण्यानं छापखान्याशी सोयरीक करायला ४० वर्षांहून जास्त घेतली. त्याला यादी आणि ४६ हा आकडा द्या, ४६-४६ चे रकाने मिळतात. पण ते पान ओळखत नाही, नवे रकाने उजवीकडे काढतच राहतं. म्हणून दर १३८ नावांचा तुकडा वेगळा द्यायचा. फ्लॅट नंबर आणि नाव आधी एका चौकटीत जोडून घ्या, कारण ते एका वेळी एकच पट्टी घेतं. जुनी आवृत्ती असेल तर गुणाकार करा: पान वजा एक गुणिले १३८, अधिक रकाना वजा एक गुणिले ४६, अधिक ओळ. आलेला आकडा म्हणजे यादीतला क्रमांक, तो इंडेक्स फंक्शनला द्या.

इथवर जागा वाचवण्याची गोष्ट झाली. पण रकान्याचा पहिला अर्थ, जात सांगणारा, तो यादीत कोण मावणार हेही ठरवतो. आपल्या देशात याचं सर्वांत मोठं उदाहरण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं आहे, १९५१-५२ चं. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार. याद्या टाइप करून जुळवायला १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या करारावर घेतले आणि छपाईला ३ लाख ८० हजार रीम कागद लागला. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासमोर अडचण आली ती ‘नाव’ या रकान्याची. बऱ्याच बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, नाव मागितलं. तरीही ज्यांचं नाव मिळालं नाही अशा जवळपास २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी २८ लाख. या नोंदी प्रामुख्यानं उत्तर भारतातल्या राज्यांतल्या होत्या. मला विचाराल तर सेन यांचा हट्ट बरोबर होता, कारण नावाच्या रकान्यात नातं भरायची मुभा एकदा दिली की ती कायमची झाली असती. पण त्या वर्षी मत देता आलं नाही ते त्या २८ लाख जणींना, हेही तितकंच खरं.

आजच्या मतदार यादीत एका पानावर ३० चौकटी असतात, आडव्या तीन आणि उभ्या दहा. आणि अनुक्रमांक आडवा धावतो: एक, दोन, तीन, मग खालची ओळ. निकालाच्या उलट. याचं कारण प्रत्येक चौकटीत चार-पाच ओळी आहेत, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. ती ओळ राहिलेली नाही, पत्ता झालाय, आणि पत्ते आपण आडवेच मांडतो. शिवाय ही यादी अकारविल्हे नसते, घरांप्रमाणे असते. एका घरातली माणसं सहसा लागोपाठ येतात, त्यामुळे आडवी नजर टाकली की शेजारी-शेजारी सापडतात.

त्यात शोधायला मात्र बोटच लागतं. आयोग या याद्या चित्राच्या स्वरूपातल्या पीडीएफमध्ये देतो. मजकूर शोधता येईल अशा स्वरूपात द्या, ही मागणी सुप्रीम कोर्टानं २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये फेटाळली. हवं असेल तर तुम्हीच तसं रूपांतर करून घ्या, असा एकूण सूर होता. आयोगाच्या वेबसाइटवर एकेकाला आपलं नाव शोधता येतं, ते आहेच. पण मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरलेलं अंतर सोडून टेबल टाकून बसलेला कार्यकर्ता अजूनही छापील यादीच उलटत असतो. तो आधी विचारतो बिल्डिंग कोणती, मग नाव, आणि पेन्सिलीचं टोक तीन रकान्यांवरून आडवं फिरवत जातो.