सात नंबरची पद्मिनी

आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा चोवीस घरांत मिळून चारचाकी एकच होती, आमच्या बाबांची प्रीमियर पद्मिनी. आज पार्किंगवरून दर सभेत वाद होतात, पण त्या वेळी सात नंबरच्या जागेवर ही एक गाडी, बाकी सगळीकडे स्कूटरी आणि मुलांचं क्रिकेट. सोसायटीचा इतिहास लिहायचा म्हटल्यावर इमारतीचा, बोअरचा, लिफ्टचा इतिहास इतरांनी लिहिलाच आहे. मी गाडीचा लिहितो, आणि त्यातही तिचा क्लच आपण इथेच, आपल्या आवारात बदलला त्याचा.

आधी गाडीचं घराणं सांगायला हवं. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी जहाजं काढली, विमानाचा कारखाना काढला आणि 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकन गाड्या जुळवायचे, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली. तीच गाडी नंतर ‘प्रेसिडेंट’ झाली आणि 1974 पासून ‘पद्मिनी’, चितोडच्या राणीचं नाव. पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘फियाट’च. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी. त्या काळात घ्यायची तर फियाट नाहीतर अँबेसिडर, आणि नंबर लागायला वर्षंच्या वर्षं. 1983 च्या डिसेंबरात मारुती आली आणि हे चित्र पालटलं. विसावं शतक संपता संपता पद्मिनीचं उत्पादन थांबलं. म्हणजे आपली सोसायटी सुरू झाली तेव्हा आमची गाडी आधीच ‘जुन्या काळातली’ होती.

बाबांनी ती 1992 मध्ये सेकंडहँड घेतली, 1984 चं मॉडेल. जालना जिल्हा होऊन (1 मे 1981) तेव्हा अकरा वर्षं झाली होती, कचेऱ्या वाढत होत्या, आणि बाबांना कामासाठी अंबड, परतूर, भोकरदन करावं लागायचं. सोसायटीत आल्यावर मात्र गाडी आमची एकट्यांची राहिली नाही. रात्री-अपरात्री दवाखाना म्हणजे पद्मिनी. तीन घरांतल्या नव्या नवऱ्या तिच्यातून आल्या. गणपती तिच्यातूनच यायचा, पुढच्या सीटवर, आणि मूर्ती मांडीवर घेऊन बसायचा मान दरवर्षी वेगळ्या घराला. 2013 च्या दुष्काळात आपल्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. टँकर आला तर आला. तेव्हा बाबा मागची सीट काढून ठेवायचे आणि ओळखीच्या मळ्यातल्या विहिरीवरून प्यायच्या पाण्याचे कॅन आणायचे. घरटी एक कॅन, ज्यांच्याकडे म्हातारी माणसं किंवा लहान मूल त्यांना दोन. त्या कॅनच्या ओझ्यानंच क्लचचं आयुष्य कमी झालं असं माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही.

बाबा 2017 मध्ये गेले. त्यानंतर गाडी मी महिन्यातून एकदा काढायचो. 2019 च्या एका चतुर्थीला राजूरला गणपतीला गेलो, तर देवळाच्या चढाला इंजिन नुसतं घोंघावतंय आणि गाडी जागेवरच. आत जळका वास. कशीबशी घरी आणली. त्याच वर्षी वार्षिक सभेत ठराव आला : बंद वाहनं दिवाळीपर्यंत हलवावीत, जागा चालत्या गाड्यांना द्यावी. ठराव अन्यायाचा नव्हता. घरं चोवीस, गाड्या एकोणतीस झाल्या होत्या. शिवाय गाडीच्या फेरनोंदणीची मुदत त्याच वर्षाअखेर संपत होती, आणि बंद गाडी आर.टी.ओ.त तपासणीला नेणार कशी?

आपलं जालना म्हणजे सळईचं गाव. एम.आय.डी.सी.तल्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं भंगार वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. आपल्या इमारतीच्या कॉलममध्येही तीच सळई आहे. त्यामुळे इथे जुन्या गाडीचा रस्ता फार जवळचा असतो. एक भंगारवाला येऊन गाडीभोवती फेरी मारून वजनाचा भावही सांगून गेला. आई गॅलरीत उभी होती. काही बोलली नाही, आत गेली.

तेव्हा पुढे आले ते दुसऱ्या मजल्यावरचे काका, एस.टी.च्या जालना आगारात मेकॅनिक म्हणून हयात गेलेले. बॉनेट न उघडताच म्हणाले, “इंजिन ठणठणीत हाय. क्लच प्लेट गेलीय. त्याला गॅरेज कशाला पायजे? दोन रविवार अन् चार पोरं द्या मला.”

क्लच म्हणजे काय, हे त्यांनी पोरांना जिनिंगच्या भाषेत समजावलं. जुन्या जिनिंगमध्ये एका शाफ्टवर सगळी यंत्रं चालायची. एखादं थांबवायचं तर त्याचा पट्टा फिरत्या पुलीवरून मोकळ्या पुलीवर सरकवायचे. मुख्य शाफ्ट फिरतच राहायचा. गाडीत इंजिनाचं फ्लायव्हील फिरत असतं, प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोरावर क्लच प्लेटला त्याच्यावर दाबून धरते, आणि ती प्लेट गियरबॉक्सला फिरवते. पेडल दाबलं की पकड सुटते. प्लेटचं लेदर झिजलं की पकडच बसत नाही. मग चढाला गाडी नुसती बोंबलते.

सामानासाठी मी कुर्ल्याला गेलो. मुंबईत तेव्हा पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी थोड्या का होईना धावत होत्या (शेवटची 2023 च्या ऑक्टोबरात निघाली), म्हणून सुटे भाग मिळत होते. सी.एस.टी. रोडवर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संच मिळाला. ज्या कुर्ल्यात गाडी जन्मली तिथूनच तिचं सामान आलं, याची काकांना मोठी गंमत वाटली.

दसऱ्याआधीच्या रविवारी काम सुरू झालं. काकांनी पहिल्यांदा विटा फेकून दिल्या. “विटंवर गाडी टेकवणाऱ्याच्या घरी मी चहा पण पेत नाय.” विटेला भेग गेली की खालचा माणूस संपला. एका मिलमधून लाकडाचे जाड ठोकळे आणले, चाकांना अटकाव लावले, बॅटरीची वायर काढली. मग गियर ऑईल रिकामं केलं, प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, गियरची जोडणी, स्टार्टर असं एकेक सुटत गेलं. प्रत्येक बोल्ट कुठला ते तिसरीतली एक मुलगी पाटीवर लिहायची आणि बोल्ट आईसक्रीमच्या डब्यांत टाकायची. संध्याकाळी जॅकवर फळी ठेवून गियरबॉक्स खाली घेतला. आतल्या काळ्या भुकटीला काकांनी कुणाला फुंकर मारू दिली नाही. जुन्या लेदरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, छातीत गेला तर वाईट. ओल्या फडक्यानं पुसून फडकं बांधून टाकलं. प्लेट हातात आली तर लेदर रिव्हेटपर्यंत झिजलेलं.

दुसऱ्या दिवशी खंडे नवमी. गाडीचं पोट उघडं, गियरबॉक्स पोत्यावर. आईनं पाने, जॅक आणि तो गियरबॉक्स एका ओळीत मांडून झेंडूची फुलं वाहिली. पार्किंगच्या ठरावावर सही करणारे सेक्रेटरीही पूजेला थांबले आणि प्रसाद घेऊन गेले.

पुढच्या रविवारी खरी कसोटी. नवी प्लेट फ्लायव्हीलच्या अगदी मधोमध बसली नाही, तर गियरबॉक्सचा शाफ्ट आत शिरतच नाही. त्यासाठी काकांनी एम.आय.डी.सी.तल्या एका ओळखीच्या लेथवर लाकडी खुंटी वळवून आणली होती. ती घालून प्लेट मध्यावर धरली, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, मग खुंटी काढली. तरीही गियरबॉक्स बसायला दोन तास गेले. चौघं खालून उचलतायत, काका पडल्या पडल्या ओरडतायत, “उचला, उचला, आता जरा फिरवा, आँ, थांबा!” गियर टाकून मागचं टोक किंचित फिरवलं आणि दाते जुळले. तो ‘खट्ट’ आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला म्हणतात. शेवटी पेडल बोटभर सैल राहील अशी जुळणी केली. अगदी घट्ट ठेवलं तर नवी प्लेटसुद्धा लवकर जळते.

गाडी गेटबाहेर स्वतःच्या पायानं गेली, मोती तलावापर्यंत जाऊन आली. दिवाळीनंतर आर.टी.ओ.त तपासणीत पास झाली. तेव्हा फेरनोंदणीचं शुल्क 600 रुपये होतं. 1 एप्रिल 2022 पासून ते 5,000 झालं, त्यामुळे 2024 मध्ये 5,000 भरले. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते ती पन्नास वर्षं झालेल्या गाडीला. पद्मिनीला अजून नऊ वर्षं आहेत.

काका गेल्या वर्षी पुण्याला मुलाकडे राहायला गेले. जाताना पान्यांची पेटी त्या बोल्ट मोजणाऱ्या मुलीला दिली. ती आता नववीत आहे आणि एकदा तरी इंजिन ऑईल मी बदलणार म्हणून मागे लागली आहे. लाकडी खुंटी सोसायटीच्या ऑफिसात, कपाटाच्या खालच्या खणात आहे. ती फक्त याच गाडीच्या मापाची आहे, तेव्हा कुणी साफसफाईत टाकू नये.